कुझमिना शेवटी कुणाची, रशियाची की स्लोवाकियाची? बायथलॉन बघणारं कुणी आहे का इथे?

डिचोलीचा_मामा

नमस्कार मंडळी, स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ, आत्तापर्यंत नुसता वाचत होतो.

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे पावसाने झोडपून काढलं, दोन दिवस करंट नव्हता, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तेव्हा मुलाने (बारावीत आहे, एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलचं फायरिंग करून आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही) मला ओढत नेऊन यूट्यूबवर एक रेस दाखवली. २०१८ चं प्याँगचँग ऑलिंपिक, बायकांची साडेबारा किलोमीटरची मास स्टार्ट बायथलॉन. तीस जणी एकदम सुटतात, पायात स्की, पाठीवर रायफल, बर्फातले चढ चढायचे, धापा टाकत रेंजवर यायचं, रायफल काढायची, पाच टार्गेट पाडायची आणि परत पळत सुटायचं, असं चार वेळा. जिंकली ती स्लोवाकियाची अनास्तासिया कुझमिना. मला आवडलंच एकदम. मी म्हटलं वा, छोटासा देश पण बाई कसली जबरदस्त. तर मुलगा म्हणतो, बाबा, ही मूळची रशियाची, आधी रशियासाठी खेळायची.

तिथून विषय सुरू झाला आणि घरात वाद पेटला. कारण सांगतो. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे, मेहुण्यांच्या वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर लिस्बनला नोंद घालून पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी, माझी भाची, सोळा वर्षांची आहे, ८०० मीटर धावते आणि चांगली धावते. तिच्या क्लबच्या सरांनी तिला विचारलं की पुढेमागे तू कुठल्या देशासाठी धावणार. पोरीने मला फोन करून विचारलं, मामा मी काय सांगू? आणि हे आमच्या बाबांनी ऐकलं. बाबांनी १९६१ च्या डिसेंबरात गोवा सोडवायला आपले जवान आलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत, तेव्हा ते लहान होते पण अजून सांगताना आवाज कापतो. त्यांचं म्हणणं एकच, ज्या देशाला आपण इथून हाकललं त्याचा पासपोर्ट घेतला इथवर ठीक, पोटासाठी घेतला, पण त्याचा झेंडा छातीवर लावून धावायचं म्हणजे काय. जेवताना ताट सारून उठले.

तर माझे प्रश्न असे की या कुझमिनाने देश का बदलला, तिला हाकललं की ती स्वतः गेली, आणि असं बदलता येतं ते कसं काय, कुणी अडवत नाही का? आणि मनापासून विचारतो, तुम्ही तिला कुणाची म्हणाल? ज्याला माहिती असेल त्याने सविस्तर लिहा, मी सगळं बाबांना वाचून दाखवणार आहे.

टायरॉलमधला_गोंयकार

मामा, तुमचा धागा बघून राहवलं नाही, एरवी मी इथे क्रिकेटचंसुद्धा लिहीत नाही. मी ऑस्ट्रियात टायरॉलला हॉटेलच्या किचनमध्ये सात सीझन काढले, मूळचा वाळपईचा. तिथून जवळ होखफिल्झन म्हणून गाव आहे, तिथे दर डिसेंबरात बायथलॉनच्या वर्ल्ड कपची एक फेरी भरते, आणि आमची ब्रेकफास्टची शिफ्ट संपली की आम्ही दोघे-तिघे सरळ रेंजला जायचो. त्यामुळे ही बाई मी प्रत्यक्ष बघितलेली आहे.

आधी तिची गोष्ट सांगतो. जन्म २८ ऑगस्ट १९८४, गाव त्युमेन, सायबेरियात. माहेरचं आडनाव शिपुलिना. आईवडील दोघं स्कीईंगवाले, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान भाऊ अँटन शिपुलिन, तोही पुढे बायथलॉनमध्ये मोठा झाला, ते नाव लक्षात ठेवा कारण खरी गोष्ट तिथे आहे. ती रशियाकडून ज्युनिअरला खेळली, वर्ल्ड कपमध्ये उतरली. मग लग्न झालं डॅनिएल कुझमिनशी, तोही स्कीअर, २००७ मध्ये मुलगा झाला. आता रशियात एकाहून एक पोरी रांगेत उभ्या, त्यात बाळंतपणातून उठलेल्या बाईला टीममध्ये परत जागा मिळवायची म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, वर महिनोन्‌महिने कॅम्पला घर सोडून राहायचं. नवऱ्याचं काम स्लोवाकियात होतं, तर हे कुटुंब तिकडे बान्स्का बिस्त्रित्सा नावाच्या शहरात राहायला गेलं, आणि २००८ च्या डिसेंबरात तिला स्लोवाकियाचं नागरिकत्व मिळालं. म्हणजे मामा, पैशाची थैली घेऊन कुणी उभं होतं आणि ही तिकडे गेली असं नाही. बाळ, नवरा आणि खेळ तिन्ही एका छपराखाली जिथे बसलं तिथे ती राहिली.

आता बघा पुढे काय होतं. नागरिकत्व मिळून तीन महिने झाले नाहीत तोवर २००९ च्या फेब्रुवारीत वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मास स्टार्टला सिल्व्हर. कुठे? प्याँगचँगलाच! तुम्ही जी रेस बघितली ती त्याच ठिकाणी नऊ वर्षांनंतरची. मग २०१० व्हँकुव्हर, साडेसात किलोमीटरची स्प्रिंट (छोटी रेस, एकेकीने सुटायचं, रेंजवर दोनदाच यायचं), जर्मनीची माग्दालेना नॉयनर म्हणजे त्या वेळची सगळ्यात फास्ट पोरगी, तिला हिने दीड सेकंदाने मागे टाकलं. दीड सेकंद! चष्मा नाकावर नीट बसवायला जास्त वेळ लागतो. स्लोवाकिया वेगळा झाल्यापासूनचं ते हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. नंतर पर्स्युटला (म्हणजे स्प्रिंटमध्ये जेवढा फरक पडला तेवढ्याच फरकाने एकीमागून एक सुटायचं) सिल्व्हर, तिथे नॉयनरने परतफेड केली. आणि त्याच व्हँकुव्हरला तिचा भाऊ अँटन रशियाच्या रिले टीममधून ब्राँझ घेऊन गेला. एका घरातली दोन भावंडं, एकाच ऑलिंपिकमध्ये, दोन वेगळ्या झेंड्यांखाली, दोघांच्याही गळ्यात मेडल. त्युमेनमधल्या त्या घरात टीव्हीसमोर बसलेल्या आईला काय वाटलं असेल याचा मी खूपदा विचार केलाय, तिला तर दोन्ही आपलीच.

२०१४ ला सोची, म्हणजे रशियाच्याच मातीत. परत स्प्रिंट. दहाच्या दहा गोळ्या टार्गेटवर, एकही चूक नाही, आणि मागच्या मुलीपेक्षा जवळजवळ २० सेकंद आधी फिनिश. त्या ऑलिंपिकमध्ये स्लोवाकियाला मिळालेलं हे एकमेव मेडल. मग दुसरं बाळंतपण, मुलगी झाली २०१५ ला, आणि परत येऊन २०१८ ला प्याँगचँगमध्ये तीन मेडल, एक गोल्ड दोन सिल्व्हर. त्या वेळी स्लोवाकियाला एकूण मिळाली तीनच, तिन्ही हिची. सलग तीन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक गोल्ड. ५४-५५ लाख लोकांचा देश आहे तो, म्हणजे आपले साडेतीन गोवे धरा. त्या देशाचा हिवाळी मेडलांचा हिशेब या एका बाईने भरून काढला.

आणि आता मी बघितलेलं सांगतो. होखफिल्झनला रेंजच्या बाजूला कुंपणाला चिकटून उभा होतो, थंडीने पावलं बधिर झालेली. ती आली, काठ्या मनगटातून सोडवून खाली टाकल्या, पाठीवरची रायफल एका झटक्यात पुढे. रायफलच्या माशीवर (नळीच्या टोकाशी नेम धरायला असते ती) बर्फ जाऊ नये म्हणून छोटं झाकण असतं ते अंगठ्याने उडवलं. उभ्याने मारायचं होतं. तोंडातून वाफ येतेय, खांदे वर-खाली, वर-खाली, आणि मग एकदम सगळं थांबलं. आमच्या आजूबाजूची माणसं गायीच्या घंटा वाजवत होती तीसुद्धा गप्प. टक. काळं टार्गेट पांढरं झालं. टक. टक. चौथी चुकली. तिने मान हलवली नाही, डोळा काढला नाही, पाचवी मारली, रायफल पाठीवर टाकली आणि दंडाच्या १५० मीटरच्या फेरीला निघून गेली. नेमबाजीत ती कधीच सगळ्यात पक्की नव्हती, चुकायची, पण चुकल्यावर जी पळायची ते बघण्यासारखं.

फोंडा_पीटीटीचर

गोंयकारदादा, किती छान लिहिलंत. मी हायस्कूलला पीटी शिकवते, २२ वर्षं झाली. मला या सगळ्यात देशापेक्षा दुसरीच गोष्ट दिसते ती लिहिते, कुणाला पटो न पटो.

मुलगी बाळंतीण झाली की तिचा खेळ संपला असं आपण सगळेच धरून चालतो. मुलगी म्हणजे कशाला, आमच्याकडे लग्न ठरलं की आधी शूज कपाटात जातात. ही बाई दोन मुलं झाल्यावर पस्तिशीला टेकेपर्यंत जिंकत होती. २०१९ ला ऑस्टरसुंडला वर्ल्ड चॅम्पियनशिपची स्प्रिंट जिंकली, आणि लक्षात घ्या, तीन ऑलिंपिक गोल्ड असून वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड तिच्याकडे तोवर नव्हतंच, ते चौतिसाव्या वर्षी मिळालं. आणि त्याच महिन्यात ओस्लोला वर्ल्ड कपमधून निरोप घेतला.

हे स्लोवाकियाने दिलं म्हणून झालं. बाळ सोबत ठेव, नवरा तुला ट्रेनिंग देऊ दे, रेंज जवळ आहे, ये. ओस्रब्लिए म्हणून त्यांचं बायथलॉन सेंटर आहे ते बान्स्का बिस्त्रित्साच्याच पट्ट्यात येतं. घरातून निघा, सराव करा, रात्री पोराला कुशीत घेऊन झोपा. एवढंच हवं असतं हो बाईला, फार काही नको असतं.

माझी एक विद्यार्थिनी होती, उंच उडीत इतकी सुरेख की मॅटवरून उठताना हसायची. इथे तिला नीट मॅट मिळेना, कोच टिकेना, एका वर्षात तीन कोच बदलले, अर्जावर अर्ज केले आम्ही. शेवटी आईबाप तिला घेऊन दुसऱ्या राज्यात गेले आणि पुढे ती त्या राज्याकडून नॅशनलला उतरली. मी स्टेडियमवर होते. तिच्या बनियनवर दुसऱ्या राज्याचं नाव, आणि उडी मारायच्या आधी तिने गॅलरीत मला शोधून बोट वर केलं. आता मी तिला परकी कशी म्हणू? मला वाईट वाटलं ते ती गेली याचं नाही, आम्ही तिला ठेवू शकलो नाही याचं. मामा, तुमच्या बाबांना हे जरूर वाचून दाखवा.

सुभेदार_पेडणे_निवृत्त

सर्वांना जय हिंद. डिचोलीच्या मामांच्या चिरंजीवासाठी आधी लिहितो कारण पोरगा एनसीसीत आहे आणि त्याला हे कळेल.

बाळा, तू जी पॉइंट टू-टू मारलीस तीच कॅलिबर यांची. अंतर ५० मीटर. रायफल साडेतीन किलोच्या खाली चालत नाही आणि ती पूर्ण रेस पाठीवर घेऊन पळायचं. दुर्बीण लावायला परवानगी नाही, नुसत्या साध्या साइटमधून बघायचं. झोपून मारताना टार्गेट ४५ मिलिमीटर, म्हणजे आपलं पिकलेलं कोकम केवढं असतं तेवढं. उभ्याने मारताना ११५ मिलिमीटर, नारळाची करवंटी धर. आता हे सोपं वाटेल, कॅम्पमध्ये आडवं पडून शांतपणे मारताना तू पण पाडशील. पण यांची नाडी रेंजवर येताना मिनिटाला १७०-१८० च्या घरात असते. मी गुलमर्गला आपल्या आर्मीच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्कीचा कोर्स केला आहे. तिथे चढण चढून आल्यावर रायफल खांद्याला लावली की साइट नुसती नाचते, प्रत्येक ठोक्याला नळी वर उडते, झोपून मारताना तर जमिनीवर टेकलेली छातीच रायफल हलवते. मग शिकवतात की ठोका थांबवायला जाऊ नकोस, दोन ठोक्यांच्या मध्ये ट्रिगर दाब. श्वास अर्धा सोडायचा आणि धरायचा. जास्त धरलास तर डोळ्यासमोर अंधारी. हे समजायला मला दोन हिवाळे लागले आणि माझा नेम वाईट नव्हता.

म्हणून त्या बाईला सलाम, ती कुठल्या का देशाची असेना. प्याँगचँगला १५ किलोमीटरच्या रेसमध्ये एक गोळी चुकली की दंडाच्या फेरीऐवजी सरळ एक मिनिट वाढवतात. हिच्या दोन चुकल्या, म्हणजे दोन मिनिटं दंड, तरी स्वीडनच्या हाना ओबर्गपेक्षा फक्त २५ सेकंद मागे राहून सिल्व्हर. हानाची एकही चुकली नव्हती. पायात किती ताकद असेल विचार करा.

आता दुसऱ्या विषयावर. इथे माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो, बाईंनी राग मानू नये. राज्य वेगळं आणि देश वेगळा. ज्याने झेंड्यासाठी रात्री जागून काढल्या त्याला हे सहज बदलता येतं हे पचत नाही. मामांच्या वडिलांचं मन मला समजतं, मी त्यांच्याच बाजूचा. आपला शिव केशवन बघा. मनालीकडचा पोरगा, वडील भारतीय, आई इटालियन. ल्यूज खेळायचा, म्हणजे बर्फाच्या नळीतून ताशी शंभराच्या वर वेगाने उताणं घसरत जायचं. इटलीवाल्यांनी त्याला बोलावलं होतं, आमच्याकडून खेळ, ट्रॅक देतो, कोच देतो. तो गेला नाही. १९९८ ते २०१८ सहा ऑलिंपिक भारताकडून खेळला, आणि त्यातल्या सोचीला तर त्याच्या नशिबी तिरंगासुद्धा नव्हता कारण आपल्या ऑलिंपिक असोसिएशनवर तेव्हा बंदी होती, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरावं लागलं. त्याची रेस झाल्यावर बंदी उठली. तरी तो हललाच नाही. याला मी निष्ठा म्हणतो.

सांगेकर

सुभेदारसाहेब, केशवनबद्दल एकदम बरोबर, पण एक विचारू का, त्याने निष्ठा ठेवली आणि आपण त्याला काय दिलं? हिमालयात हायवेवर चाकं लावलेल्या स्लेजवरून ट्रकांच्या मधून सराव करायचा तो, व्हिडिओ आहे त्याचा. कुझमिनाने तसं करावं अशी अपेक्षा कशी ठेवणार, तिच्याकडे तान्हं मूल होतं.

सुभेदार_पेडणे_निवृत्त

सांगेकर, तो व्हिडिओ मी बघितला आहे. तुमचं म्हणणं नाकारत नाही.

मडगाव_वकीलबाई

मामांच्या "असं बदलता येतं कसं" या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही म्हणून मी देते, कोर्टाला सुट्टी आहे आज.

ऑलिंपिक चार्टरमध्ये नियम असा की एका देशाकडून मोठ्या स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूने देश बदलला तर शेवटच्या त्या स्पर्धेपासून तीन वर्षं थांबायचं, पण दोन्ही देशांच्या ऑलिंपिक कमिट्या आणि त्या खेळाची संघटना तयार असतील तर ही मुदत कमी होते किंवा माफही होते. त्यामुळे चोरीछुपे काही नसतं, जुना देश अडवू शकतो आणि बरेचदा अडवतातही. म्हणजे "सोडून गेली" असं आपण म्हणतो त्यात "जाऊ दिलं" हेही असतंच.

बायथलॉनमध्ये तर हे फार चालतं. क्रोएशियाचा याकोव्ह फाक होता, त्याने व्हँकुव्हरला क्रोएशियासाठी ब्राँझ जिंकलं, त्यानंतर शेजारच्या स्लोवेनियाकडे गेला आणि २०१८ ला प्याँगचँगला स्लोवेनियासाठी सिल्व्हर. दोन देशांना दोन ऑलिंपिक मेडलं. शिवाय स्लोवेनियाकडून दोनदा वर्ल्ड चॅम्पियन. प्याँगचँगलाच यजमान कोरियाच्या टीममध्ये तिमोफेई लापशिन आणि अॅना फ्रोलिना हे रशियन होते. आणि मामा, तुम्ही जी मास स्टार्ट बघितली त्यात दुसरी आली ती बेलारूसची दार्या डोमराचेवा आठवते का? १८ सेकंदांहून थोडी जास्तच मागे होती. तिचा जन्म मिन्स्कचा, पण ती चार वर्षांची असताना घरचे सायबेरियात न्यागन नावाच्या गावी गेले, ती तिथे शिकली, रशियाकडून ज्युनिअरला उतरली आणि २००४ मध्ये बेलारूसकडे आली. म्हणजे त्या पोडियमवर पहिली आणि दुसरी दोघीही सायबेरियात स्की शिकलेल्या, आणि रशियाचा झेंडा कुठेच नाही. माझ्या मते त्या रेसमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि ती यूट्यूबवर दिसत नाही.

आता भाचीचं. हे नीट वाचा, बाबांना सांगायच्या आधी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज नागरिक झाली की भारताची राहिली नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. आणि २००८ पासून आपल्या क्रीडा मंत्रालयाचं धोरण असं की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येतं. फुटबॉलमधला अराता इझुमी आठवत असेल, त्याने जपानचा पासपोर्ट सोडला तेव्हा भारताची जर्सी मिळाली. म्हणजे तुमच्या भाचीसमोर "भारत की पोर्तुगाल" हा प्रश्न आज तरी नाहीच आहे, तो प्रश्न तिच्या आईवडिलांनी तिच्यासाठी आधीच सोडवून टाकला. ती अजून आंतरराष्ट्रीय पातळीवर कुणाकडूनच उतरली नसेल तर तीन वर्षं थांबायचा वगैरे विषय नाही. पोर्तुगालकडून धावू शकते, किंवा पुढे ब्रिटिश नागरिक झाली तर ब्रिटनकडून.

आणि पोर्तुगालबद्दल एक. तिहेरी उडीत त्यांचे दोन ऑलिंपिक चॅम्पियन आहेत. नेल्सन एव्होरा, बीजिंग २००८, जन्म आयव्हरी कोस्टचा, आधी केप व्हर्देकडून उडी मारायचा. पेद्रो पिचार्डो, टोकियो, तो क्युबाचा, २०१७ मध्ये क्युबाची टीम सोडून आला. तर तिकडे भाची एकटी पडणार नाही एवढं नक्की.

टायरॉलमधला_गोंयकार

वकीलबाईंनी डोमराचेवाचं काढलं म्हणून अजून एक सांगतो, हे मला स्वतःला फार लागलेलं आहे.

२०१७-१८ चा तो सीझन, प्याँगचँगनंतर वर्ल्ड कपची शेवटची फेरी होती त्युमेनला. कुझमिनाचं जन्मगाव. पूर्ण सीझनच्या मार्कांवर मोठी ट्रॉफी ठरते, क्रिस्टल ग्लोब म्हणतात, आणि ती फिनलंडच्या काइसा माकाराइनेनबरोबर एकेक मार्कासाठी झुंजत होती. शेवटच्या रेसनंतर हिशेब झाला तेव्हा कुझमिना तीन मार्कांनी मागे राहिली. पूर्ण हिवाळाभर आठशेच्या वर मार्क जमवले आणि तीन कमी पडले. स्प्रिंटचा छोटा ग्लोब तिला मिळाला पण मोठा गेला. ज्या गावात चालायला आणि स्कीवर उभं राहायला शिकली त्या गावात, अंगावर स्लोवाकियाचा सूट.

मी तेव्हा हॉटेलात होतो, किचनमध्ये कांदा कापता कापता मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून बघत होतो. आमचा शेफ स्लोवाक होता, झिलिना नावाच्या शहराचा, एरवी दगडासारखा माणूस. रेस संपली तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि बाहेर जाऊन बर्फात उभा राहिला. बराच वेळ आला नाही. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाला, "आमची नास्त्या." एवढंच. नास्त्या म्हणजे अनास्तासियाचं घरातलं नाव. त्यांच्या भाषेत ते "आमची" म्हणाला ते मला कळलं, सात वर्षांत तेवढी भाषा आली होती. मामा, तुम्ही विचारलंत ना कुणाची म्हणाल, तर माझ्या कानात तेच आहे.

फोंडा_पीटीटीचर

दादा, वाचताना डोळे भरून आले.

डिचोलीचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. उशीर झाला कारण बाबांना एका दमात ऐकवता येत नाही, दुपारी जेवल्यावर थोडं थोडं वाचून दाखवत होतो, तीन दिवस लागले.

सुभेदारसाहेबांचं वाचलं तेव्हा बाबा म्हणाले, हा माणूस मला भेटायला हवा. मग शिव केशवनचं दोनदा वाचायला लावलं. टीचरबाईंच्या उंच उडीवाल्या मुलीचं ऐकून काही बोलले नाहीत पण चष्मा काढून पुसत बसले. वकीलबाईंचं मात्र त्यांना नीट समजावून सांगावं लागलं, त्यांना वाटत होतं भाचीने हो म्हटलं तर ती अजूनही भारताकडून धावू शकते आणि ती मुद्दाम नाही म्हणतेय. तसं नाहीये हे कळल्यावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, म्हणजे पोरीवर मी उगाच रागावलो.

काल रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन बाबांच्या हातात दिला. ती आपली इंग्लिश-कोंकणी मिसळून आजोबा आजोबा करत होती. बाबांनी विचारलं, बाय, तुझी पुढची रेस कधी? ती म्हणाली शनिवारी. मग विचारलं, पाऊस असेल काय गो तिथे? ती म्हणाली इथे नेहमीच असतो. तर म्हणाले, मग वळणावर जपून, पाय सरकेल, आणि आम्हाला किती वाजता लावायचं ते तुझ्या मामाला सांगून ठेव, त्याला तो यूट्यूब लावता येत नाही.

मुलगा आता मागे लागलाय की सुभेदारसाहेबांचा तो दोन ठोक्यांच्या मधला ट्रिगर त्याला नीट शिकायचाय. साहेब, एखाद्या रविवारी पेडण्याला आलो तर चालेल का? बाबांनाही घेऊन येतो.

सुभेदार_पेडणे_निवृत्त

अवश्य या. पोराला आधी जिने चढायला लावा, पन्नास पायऱ्या रोज, वर पोचल्यावर नाडी मोजून वहीत लिहायला सांगा. वही घेऊन या. तुमच्या बाबांसाठी शहाळी काढून ठेवतो.